मागच्या दारातली झडप

३ मार्च, अमरावती

अक्काचा अकोल्याहून फोन. गुडघा बदलायचं ठरलं, बावीस एप्रिल. विचारलं, सोबत कोण राहणार? "तू. तुले तिथं काय काम हाये? कोर्टातून रिटायर झाली, नवरा नाही, पोर नाही. एक मांजर तं हाये."

जन्मभर जिल्हा कोर्टात लघुलेखन केलं. माझ्या आयुष्याचा गोषवारा मलासुद्धा इतका थोडक्यात जमला नसता.

तिचा मुलगा पुण्यात. त्याला सुट्टी नाही. सुनेला तर नाहीच नाही. मी म्हटलं, येते, पण मदरला घेऊन. "मांजर आणशील तं दारातूनच परत पाठवीन." दमा आहे तिला, मान्य. पण दमा नव्हता तेव्हाही हेच म्हणायची.

दीड महिना तरी राहावं लागेल.

५ मार्च

मदरला कुठे ठेवायचं, शेजारी विचारून पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या इंगळेबाई: "मांजरीले कोणी ठेवते का बापा? ते आपलं आपलं राह्यते." मग नेहमीचा प्रश्न, मांजरीचं नाव मदर कसं. पुन्हा सांगितलं. काळी आहे, गळ्याखाली पांढरं आहे, ताठ बसते, आणि समोरच्याकडे असं पाहते की त्याला न केलेले गुन्हेही आठवावेत. आमच्या कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलची मदर हुबेहूब अशी. इं. बाई: "देवाच्या माणसाचं नाव मांजरीले?"

बाई, तुम्ही तिच्या हाताखाली नव्हतात.

नसीमभाभी भिंतीपलीकडच्या. त्यांनी लगेच हो म्हटलं, पण अर्धं. "खायले मी टाकत जाईन मॅडम, दोन्ही टाइम. घरात मात्र नाही ठेवता येनार. सासूबाईचे पोपट हाये ना."

म्हणजे खाण्याची सोय झाली, राहण्याची नाही. मे महिन्यात मागचं अंगण म्हणजे तवा. खिडकी उघडी टाकून जाता येत नाही. गेल्या वर्षी माकडांनी स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी फाडून डाळीचे डबे उपडे केले, तेव्हापासून त्या खिडकीला फळी ठोकलेली आहे. शिवाय गल्लीतला बोका. त्याला मी वकीलसाहेब म्हणते. काळा कोट, सकाळी कामकाजाच्या वेळेला हजर, दुसऱ्याचं खाऊन मिशा पुसत निघून जातो.

मदरला जाता-येता येईल आणि माकडाला येणार नाही असं काहीतरी हवं. शाळेतल्या इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकात दाराला खाली एक छोटी झडप असायची. मांजर डोक्याने ढकलते आणि आत येते. तेव्हा वाटायचं, थापा.

९ मार्च

थापा नाहीत. फोनवर पाहिलं. पुष्कळ प्रकार आहेत.

एक प्रकार मांजरीच्या कातडीखाली चिप बसवून. ती चिप ओळखून झडप उघडते. गुरांच्या दवाखान्यात विचारलं. डॉक्टर म्हणाले, मॅडम, इथे आपण म्हशीच्या कानाला बिल्ला लावतो, तो लावून देऊ का?

दुसऱ्या प्रकारात गळ्यातल्या पट्ट्याला लोहचुंबक. वकीलसाहेबांना पट्टा नाही, म्हणजे प्रवेश नाही. उत्तम. सराव म्हणून मदरच्या गळ्यात साधा पट्टा बांधला. संध्याकाळी तो मोरीतल्या बादलीत मिळाला. पुन्हा बांधला. पुन्हा बादलीत. मी समजले.

तिसरा प्रकार साधा. प्लास्टिकची धुरकट झडप, कडेला बारीक चुंबक, ढकलली की उघडते आणि आपोआप मिटते. तोच मागवला. बोक्याचं पुढे पाहू.

१४ मार्च

झडप आली. सोबतचा माहितीचा कागद इंग्रजीत आहे असा त्यांचा समज. पहिल्याच वाक्यात क्रियापद नाही.

बाजूला एक खटका. तो चार जागी बसतो. दोन्हीकडे, फक्त बाहेर, फक्त आत, बंद. पहिला आणि शेवटचा कळला. "फक्त बाहेर" कशाला असेल, कुणाला हाकलायचं असेल तर. "फक्त आत" वाचलं आणि हॉस्टेलचं फाटक आठवलं. आत घेताना हसून घ्यायचे, मग शनिवारपर्यंत कडी. खटका "दोन्हीकडे" वर लावला आणि वरून चिकटपट्टी मारली. हलणार नाही आता.

१७ मार्च

वानखडे मिस्त्री आला. पुढचं दार पाहून गहिवरला. "सागाचं हाये मॅडम. याले भोक पाडाचं तं मले पाप लागन." म्हटलं, पुढचं नाही, मागचं, प्लायचं. तेही त्याला पटेना. "चोराले आवतन देऊन राह्यल्या तुमी."

"एवढ्या भोकातून चोर येईल?"

"चोराचं पोरगं येईन."

झडप बसली, पण जमिनीपासून वीतभर वर. खुणा मी करून दिल्या होत्या. "पावसाचं पानी घुसन मनून वर घेतलं." मांजर काय उडी मारून ढकलणार? "मांजर हाये मॅडम. म्हैस थोडीच हाये." आणि वर मलाच सांगून गेला की भुसा झाडून घेजा.

आतून एक आणि बाहेरून एक, विटांच्या पायऱ्या मीच लावल्या.

मदरने भोक लांबून पाहिलं. मग दाराकडे जाऊन रोजच्यासारखी ओरडली. दार उघडावं ही मागणी. उघडलं. पुराव्याअभावी सुटका.

२१ मार्च

झडप वर उचलून कपड्याच्या चिमट्याने धरून ठेवली आहे. नुसतं भोक. पलीकडे वाटीत साय. मदर विटेवर चढली, वास घेतला, उतरली, माझ्याकडे पाहत बसली. मी पण बसले. दोघीही हट्टी. शेवटी सायीवर माशी बसली आणि मदर भोकातून गेली. माशीसाठी गेली. सायीसाठी नाही, माझ्यासाठी तर नाहीच.

२५ मार्च

चिमटा थोडा खाली. झडप अर्धी. खालून पोटावर सरपटत जाते, पण जाते. नसीमभाभींनी खिम्याचे चार दाणे दिले. सायीपेक्षा त्यांचा परिणाम जास्त. "शिकून राह्यली का हो तुमची मदर?" विचारतात. रोज विचारतात. त्यांच्या सासूबाईही विचारतात म्हणे, पोपटांच्या वतीने.

२९ मार्च

आज चिमटा काढला. झडप पूर्ण खाली. मदर विटेवर बसली. प्लास्टिकला नाक लावलं. पंजाने एकदा ठोकलं. मग कपाळ टेकवलं आणि ढकललं. टक्. बाहेर. थोड्या वेळाने टक्. आत. माझ्याकडे न पाहता पलंगाखाली गेली.

मी हसले बहुतेक. कुणी पाहिलं नाही.

अक्काला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "तू कॉन्व्हेंटची, आता तुही मांजर पन कॉन्व्हेंटची. आमाले कोनी असं शिकवलं नाही बाई." बाबांनी मला कॉन्व्हेंटला घातलं आणि तिला नगरपालिकेच्या शाळेत, हा हिशेब तिच्याकडे अजून मिटलेला नाही. गुडघा बदलेल, हा बदलणार नाही.

२ एप्रिल

ऊन फार. कूलर काढला, वाळ्याच्या ताट्या बदलून घेतल्या, खिडकीत बसवला. दुपारी चालू केला.

फट्. मागची झडप बाहेरच्या बाजूला उडाली आणि तशीच आडवी तरंगत राहिली. कूलर बंद केला, खाली आली. चालू केला, फट्.

कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, वाऱ्याला बाहेर जायला वाट हवी, हे वऱ्हाडात शेंबड्या पोराला माहीत आहे. माझी समोरची खिडकी माकडांमुळे फळीबंद. घरभर एकच वाट, मदरची. पंधरा दिवस मी, मिस्त्री, भाभी, अख्खी गल्ली त्या झडपेसमोर उभी राहून गेली. एकालाही कूलर आठवला नाही. मार्चमध्ये कुणाला आठवतो.

मदर पलंगाखाली. बाहेर यायचं नाव नाही.

५ एप्रिल

बेडरूमची खिडकी उघडली, तिला जाळी शाबूत आहे. झडप उडायची थांबली, पण थरथरते. टक टक टक टक. दात वाजल्यासारखं.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने जास्त ताकदीचं चुंबक चिकटवलं. आता थरथरत नाही. आता मदरलाही ढकलत नाही. तिने कपाळ लावलं, दोनदा जोर केला आणि माझ्याकडे वळून पाहिलं. ती नजर मला ओळखीची. आमच्या मदरची, माझ्या अंकगणिताच्या वहीकडे पाहतानाची.

चुंबक काढायला लावलं. मिस्त्री: "तुमीच ठरवा बापा, मांजर पाह्यजे का कूलर."

९ एप्रिल

नवा प्रकार. कूलरच्या वाऱ्याने झडप बाहेर ढकलली जाते तेव्हा मदर वाऱ्याबरोबर बाहेर जाते. तिला ते सोपं वाटतं. परत येताना वारा तोंडावर, झडप अंगावर, मग येत नाही. गच्चीवर जाते. गच्चीवर इंगळेबाईंनी खाटेवर धोतर पसरून कुरडया वाळत घातलेल्या. खाटेखाली सावली. इथवर ठीक होतं. आज सावली सरकली आणि मदर खाटेवर.

इंगळेबाई पदर खोचून खाली आल्या. "मॅडम, तुमची मदर माह्या कुरडयाइवर लोळून राह्यली! वर्षाच्या कुरडया हाये ह्या. पाव्हन्याले काय मांजरीच्या केसाच्या कुरडया तळून देऊ?"

म्हटलं, भरपाई करून देते. "तुमाले कुरडया येतेत का?" येत नाहीत. कोर्टात एवढी वर्षं दोन्ही बाजूंचं उतरवून घेतलं. आज पहिल्यांदा एका बाजूला उभी, आणि बाजू पडकी.

दुपारभर मदर बाहेर. बेचाळीसच्या वर तापमान असेल. कितीदा दार उघडून हाक मारली. आली नाही.

१० एप्रिल

अक्काला सांगितलं, जमत नाही, कुणी दुसरं पाहा. मग, "बरं." एवढंच. अक्का नुसतं "बरं" म्हणते तेव्हा प्रकरण गंभीर असतं. नंतर तिचा मुलगा बोलला. "मावशी, मी बाई लावून देतो, तू टेन्शन नको घेऊ." बाई लावून देतो. रात्री संडासला न्यायला, कुबड्या धरायला, तिचं ऐकून घ्यायला बाई.

१२ एप्रिल

दुपारी वीज गेली. कूलर घरघरत थांबला. मी पंख्याकडे पाहत पडून. घाम. गल्लीत चिडीचूप.

टक्.

मदर आत. विटेवरून उतरली, मोरीत जाऊन पाणी प्यायली, ओल्या फरशीवर पसरली. थोड्या वेळाने उठून टक् बाहेर. पुन्हा टक् आत. काही घडलंच नाही अशा थाटात.

वीज आली, कूलर सुरू, झडप पुन्हा टक टक टक, मदर पलंगाखाली.

कूलर बंद केला. बंद ठेवला. घर भट्टी. मी ओला पंचा डोक्यावर घेऊन खुर्चीत. मदरच्या चार फेऱ्या बिनबोभाट.

मग लक्षात आलं. मी अकोल्याला असेन तेव्हा कूलर बंदच असणार. रिकाम्या घरात कूलर कोण लावतं. दहा दिवस मी जे प्रकरण लढवते आहे ते उभंच राहत नाही. झडप उत्तम चालते. मी घरात नसले की.

हे वाक्य पुन्हा वाचलं. खोडत नाही. खरं आहे.

अक्काला फोन केला, येते. "मले माहीत होतं," म्हणाली. काही माहीत नव्हतं तिला.

१५ एप्रिल

रंगीत तालीम. घराला कुलूप, कूलर बंद, मी नसीमभाभींच्या स्वयंपाकघरात. तिथून माझं मागचं दार दिसतं. भाभींनी चहा दिला, पोपट "सलाम" म्हणाले, सासूबाईंनी सुपारी दिली. तिघी खिडकीशी.

वीट. काळं डोकं. टक्. आत. भाभींनी टाळ्या वाजवल्या. "पास झाली, मॅडम!"

त्या डोक्याचा एक कान फाटका होता.

वकीलसाहेब. न चिमटा, न साय, न खिमा. लांबून बघून शिकले. मदरपेक्षा सफाईने. पोट भरून, मिशा पुसत बाहेर आले आणि विटेवर बसून अंग चाटलं.

नंतर मदरही आली, गेली. पण तोवर आमचा चहा थंड. भाभी म्हणाल्या, "दोघांपुरतं टाकत जाईन ना. त्याले बी पोट हाये." मी त्यांना सांगितलं, हा दानधर्म नाही, अतिक्रमण आहे. त्यांना हसू आवरेना.

२० एप्रिल

उद्या निघते. भाभींना किल्ली दिली. वाटी झडपेजवळ, पाणी मोरीत, मातीचं पसरट भांडं. इंगळेबाईंना दुकानातून कुरडया आणून दिल्या. त्यांनी घेतल्या, पण ज्या दोन बोटांनी धरल्या त्यावरून दुकानाच्या कुरडयांबद्दल मत कळलं.

मदरला उचलून घेतलं. तिला आवडत नाही. खाली ठेवलं.

२१ एप्रिल, अकोला

बडनेरा ओलांडलं की ऊन वेगळं लागतं, का मलाच वाटतं. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. अक्का दारात खुर्चीवर बसून होती. माझ्या पिशव्यांकडे निरखून पाहिलं, मांजर आहे का. "नाही ना आनली?" नाही. "मग तोंड काहून पाडून राह्यली?"

२४ एप्रिल

ऑपरेशन नीट झालं. गुंगीत अक्का सतत बाबांशी भांडत होती. मला कॉन्व्हेंटला का घातलं वगैरे. नर्स केरळची, तिने विचारलं, ही कोणती भाषा. म्हटलं, वऱ्हाडी, आणि प्रकरण जुनं आहे.

भाभींचा फोन. "वाटी साफ हाये, मॅडम."

"कुणी केली?"

"आता मी काय वाटीजवळ बसून राहू का? साफ हाये म्हंजे खाल्लं कोनी तरी."

३० एप्रिल

अक्का घरी. गुडघा वाकवायला एक मुलगी येते व्यायाम घ्यायला. तिच्यासमोर अक्का रडते आणि ती गेली की मला शिव्या देते. क्रम ठरलेला.

भाभींनी फोटो पाठवला. झडप मिटताना, बाहेर एक काळी शेपटी. खाली लिहिलं, "मदर सलामत". शेपटी काळी आहे, मान्य. बोक्याचीही काळी आहे. फोटो मोठा करून पाहिला. शेपटीवर सही नसते.

भाभींना विचारलं, गळ्याखालचं पांढरं दिसलं का. "दिसलं असन." असन. हा शब्द मी कोर्टात कधी उतरवून घेतला नसता. जज्जसाहेब थांबवायचे, पाहिलं की नाही ते सांगा.

६ मे

फोटो दुसरा. या वेळी मागचे पाय. काळे.

फोटो तिसरा. अंधुक.

भाभींचा दोष नाही. त्यांच्या घरात पोपट, सासू, दुकान. मी इथून किती फोन करावेत. आज केला नाही.

अक्काने विचारलं, "तुही मांजर जिती हाये का?" चौकशीचा सूर. मी म्हटलं, पुरावा नाही. तिने पाय उशीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "तू ना, सरळ बोलत नाही कधी."

१२ मे

अक्का काठी घेऊन न्हाणीपर्यंत गेली. माझा हात सोडून. परत आली आणि पलंगावर बसून म्हणाली, "इथंच राह्य."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. ती पुन्हा म्हणाली. दोघी म्हाताऱ्या, दोन घरं, दोन कूलर, कशाला. अमरावतीचं विकून टाक. "पन भोक पाडलेलं घर कोन घेईन म्हना." आणि स्वतःच हसली. दम लागेपर्यंत.

मदरचं काय, मी विचारलं. दाराकडे पाहत म्हणाली, "आन. पलंगावर चढू नको देजो. अन् माह्या दाराले भोक बीक नाही पाडाचं, सांगून ठेवतो. घरातच राह्यन ते."

अक्काच्या तोंडून "आन" निघायला एवढी वर्षं आणि एक गुडघा लागला. मी आभार मानले नाहीत. तिनेही वाट पाहिली नाही.

१३ मे

घरातच राहील. दार बंद, खिडक्यांना जाळ्या, कूलर चालू. जगतात मांजरी अशा. इथे शेजारी एक आहे, दिवसभर खिडकीत असते. लठ्ठ आहे. बाहेर पाहते.

तिथे राहिली तर ती आणि वकीलसाहेब आणि भाभींची वाटी. जाते-येते. जात-येत असेल तर. अजून मला ठाऊक नाही की तीन आठवडे त्या दारातून कोण येतं आहे.

इथे अक्का न्हाणीतून हाक मारते आहे.

१६ मे

अक्काला सांगितलं, परवा जाऊन येते, कपडे आणायचे आहेत. बाजारातून झाकणाची वेताची टोपली आणली. अक्काने टोपली पाहिली. जुनी चादर काढून दिली. "यात टाकजो. जुनी हाये, फाडली तरी चालन."

१८ मे, अमरावती

सकाळच्या गाडीने आले. संध्याकाळच्या गाडीने परत. अक्काजवळ आज तिच्या ओळखीची एक बाई बसली आहे, तेवढ्यापुरती.

घर बंद घरासारखंच. वाटी साफ. मोरीतल्या भांड्यात पाणी, भाभींनी सकाळीच भरलं असणार. माझ्या पलंगावर मधोमध खळगा आणि केस. काळे. वेचून खिडकीच्या उजेडात धरले. दोन पांढरे मिळाले.

पांढरे. म्हणजे आहे. येते. महिनाभर आली आहे.

ते दोन केस या वहीत ठेवले.

भाभी डोकावून गेल्या. टोपली पाहिली. "नेऊन राह्यल्या का, मॅडम?" मी म्हटलं, बघू. "सासूबाई आता वाटी भरल्याबिगर स्वतः जेवत नाही." आणि मग, "पन तुमची हाये. तुमी न्या." चहाला बोलावून गेल्या. गेले नाही.

दुपारी खटक्यावरची चिकटपट्टी काढली. उन्हाने कडक झाली होती, नखाने खरवडावी लागली. खटका एक घर, दोन घरं सरकवला. "फक्त आत." झडप बोटाने ढकलून पाहिली. आतल्या बाजूला येते. बाहेर जात नाही. व्यवस्थित काम करते. कूलर बंद आहे. चादर टोपलीत, झाकण उघडं. मी दारापासून लांब, खुर्चीत. हे लिहिते आहे, हात मोकळा राहू नये म्हणून.

विटेवर काहीतरी. धुरकट प्लास्टिकमागे काळं.

टक्. डोकं आत. दोन्ही कान शाबूत. मदर.

थांबली. मी आहे हे तिला अपेक्षित नव्हतं. वाळली आहे थोडी. माझ्याकडे पाहते आहे, मग टोपलीकडे, मग माझ्याकडे. हाक मारली नाही. मारली तर येईल किंवा जाईल, दोन्ही माझ्यामुळे.

एक पंजा आत ठेवला. झडप तिच्या पाठीवर टेकून आहे. अजून मागे घेऊ शकते.

दुसरा पंजा.

खटका तिकडे दारावर, झडपेच्या बाजूला आहे. इथून माझा हात पोचत नाही. उठावं लागेल.